गल्लीत मुक्कामाला येणारा ट्रक हलवायचा कसा

प्रश्न पुण्यातल्या धायरीच्या एका सोसायटीच्या सचिवांचा आहे. थोडक्यात असा: सोसायटीसमोरचा रस्ता 9 मीटरचा. पुढं शेजारच्या नऱ्ह्याच्या अंगाला गाळे आणि छोटे कारखाने. रात्री दहानंतर सहा-सात ट्रक-टेम्पो येऊन उभे राहतात, पहाटे चारला इंजिनं सुरू होतात. मागच्या महिन्यात एका आजोबांसाठी बोलावलेली रुग्णवाहिका कोपऱ्यावरच अडकली आणि स्ट्रेचर तिथून हातानं आणावं लागलं. तीन वेळा फोन केले. पोलीस येतात, गाड्या हलवतात, दुसऱ्या रात्री गाड्या परत जागेवर. यावर कायमचा उपाय काय?

आधी माझी बाजू सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना मी कुणाच्या वतीनं बोलतोय याची शंका नको. मी सत्तावीस वर्षं मालवाहतुकीच्या धंद्यात आहे. सुरुवात एका जुन्या टाटा 407 टेम्पोवर झाली, आज लहान-मोठ्या नऊ गाड्या आहेत. पहिली अकरा वर्षं ती 407 मी बिबवेवाडीत घरासमोरच्या गल्लीत लावत होतो. मार्केट यार्ड जवळ, पहाटे चारला भाजीच्या भाड्याला निघायचं, गाडी दाराशी असली की सोपं. म्हणजे तुम्ही ज्याच्याविरुद्ध अर्ज लिहिताय तो माणूस एकेकाळी मीच होतो. आता गेली काही वर्षं अशी भांडणं मिटवायला सोसायट्याही बोलावतात आणि गाडीवालेही.

गल्लीत लावलेल्या गाडीचा धोका कळला तो शहाणपणानं नव्हे. पावसाळ्यातली रात्र होती, खांबावरचा दिवा गेलेला. एक मुलगा स्कूटरवरून आला आणि थेट माझ्या हौद्याच्या मागच्या कोपऱ्यावर आदळला. पाय मोडला. खाली पळत आलो तेव्हा तो रस्त्यावर बसून आपल्याच पायाकडे बघत होता, आवाजही करत नव्हता. माझे मागचे पार्किंग लाइट बंद होते. बॅटरी उतरते म्हणून मी ते कधीच चालू ठेवत नव्हतो. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला 109 वा नियम सांगतो की रस्त्यावर उभ्या गाडीचेही पार्किंग दिवे लागलेले हवेत, पुढं पांढरा किंवा पिवळसर, मागं दोन लाल. हा नियम मला त्या रात्रीपर्यंत माहीत नव्हता, आणि आजही शंभरातल्या नव्वद ड्रायव्हरांना माहीत नसावा. तुमच्या गल्लीतल्या गाड्यांच्या मागं रात्री जाऊन बघा. दिवा सोडा, लाल परावर्तक पट्टीसुद्धा चिखलानं झाकलेली दिसेल.

आता मुद्द्याकडे. तुमच्या तीन तक्रारी वाया गेल्या कारण तुम्ही सगळ्या गाड्यांविरुद्ध एकच तक्रार केलीत. गल्लीत रात्री उभ्या राहणाऱ्या गाड्या एका जातीच्या नसतात. एकाला जे औषध लागू पडतं ते दुसऱ्याला पडत नाही.

म्हणून पहिलं काम वहीचं. सलग सात रात्री, एकदा अकराला आणि एकदा पहाटे पाचला, उभ्या गाड्यांचे नंबर लिहून काढा. कुठं उभी आहे, भरलेली की रिकामी (ताडपत्री-रस्सा आवळलेला असेल तर भरलेली समजा), आत कोणी झोपलंय का, एवढंच. फोटो काढले तर उत्तम, पण वही हवीच. सात दिवसांनी ती वही समोर घेऊन बसलात की गल्लीचं चित्र आपोआप दिसतं.

तोच एमएच 12 किंवा 14 चा नंबर सातपैकी सहा रात्री, रिकामा, आत कोणी नाही, म्हणजे गाडीवाला आसपासच राहतो. दर रात्री वेगळा नंबर, आज एमएच 09, उद्या एमएच 10, परवा केए, ताडपत्री आवळलेली, केबिनमध्ये ड्रायव्हर आडवा, म्हणजे कोल्हापूर, सांगली, कर्नाटकातून माल आलाय आणि गाडी खाली व्हायची वाट बघतेय. आणि एखादा नंबर सात रात्री इंचभरही हललेला नाही, चाकात हवा नाही, खाली गवत उगवलंय, तर ती गाडी मेलेली आहे.

मेलेल्या गाडीचं सगळ्यात सोपं, ते आधी उरकतो. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 127 नुसार सार्वजनिक जागी 10 तास किंवा त्याहून जास्त बेवारस वा बिनराखणीची सोडलेली गाडी उचलायचा किंवा तिला जॅमर लावायचा अधिकार गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याला आहे. एम-परिवहन अ‍ॅपवर नंबर टाकलात की विमा आणि पासिंग (फिटनेस तपासणी) कधी संपलं ते दिसतं. दोन्ही संपलेलं असेल तर त्या तपशिलासह पालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाला बेवारस वाहन म्हणून अर्ज द्या, प्रत वाहतूक विभागाला. इथं मालक भांडायला येत नाही, त्यामुळं काम होतं. वेळ लागतो, पण होतं.

घरची गाडी हा माणसांचा प्रश्न आहे. मालकच ड्रायव्हर, एक पिकअप किंवा आयशर, हप्ता चालू, घर दोन खोल्यांचं. तो गाडी डोळ्यासमोर का ठेवतो ते समजून घ्या. मधल्या आकाराच्या ट्रकच्या टाकीत दोन-अडीचशे लिटर डिझेल मावतं. लिटरला नव्वद रुपये धरले तर वीस हजारांचा माल नुसत्या एका झाकणाआड. बॅटरी वेगळी, स्टेपनी वेगळी. लांबच्या मोकळ्या प्लॉटवर गाडी लावून घरी आलेला माणूस रात्रभर कुशी बदलतो, हे मी अनुभवानं सांगतो. माझी एकदा बॅटरी गेली तेव्हा सकाळचं भाडं बुडालं ते बुडालंच, वर यार्डातल्या व्यापाऱ्यानं महिनाभर दुसऱ्याची गाडी लावली.

अशा माणसाला सोसायटीच्या लेटरहेडवर नोटीस चिकटवलीत की तो दुश्मन होतो. त्याऐवजी दोघांनी संध्याकाळी सात-आठला त्याच्या घरी जा. अध्यक्षांना नेऊ नका, ज्याच्या खिडकीखाली गाडी सुरू होते त्या माणसाला न्या. माझ्याकडे समोरच्या इमारतीतले एक निवृत्त मास्तर आले होते. चहा घेतला आणि म्हणाले, "अरे, तुझी गाडी चारला सुरू होते, मला साडेतीनलाच जाग येते. आता ती सुरू होणार म्हणून." मला वाद घालता आला असता, पण या वाक्याला उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून गाडी दोन गल्ल्या सोडून गिरणीच्या भिंतीला लावायला लागलो.

आवाजाबद्दल एक तांत्रिक गोष्ट सांगायला हवी, कारण लोकांना वाटतं ड्रायव्हर मुद्दाम इंजिन तापवत बसतो. मोठ्या गाड्यांचे ब्रेक हवेवर चालतात. रात्रभर गाडी उभी राहिली की टाकीतली हवा थोडी थोडी गळते, जुन्या गाडीत जास्त. सकाळी काटा वर येईपर्यंत इंजिन चालू ठेवावंच लागतं, त्याशिवाय ब्रेक सुटतही नाहीत आणि लागतही नाहीत. चांगल्या गाडीला तीन-चार मिनिटं, गळक्या गाडीला दहा-बारा. म्हणजे तुमच्या खिडकीखाली पंधरा मिनिटं इंजिन घरघरत असेल तर त्या गाडीच्या हवेच्या नळ्या तपासायला झाल्यात. हे मालकाला सांगा, त्याच्याही फायद्याचं आहे. हॉर्नचं मात्र तसं नाही. ध्वनिप्रदूषण नियम 2000 नुसार निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे आणि रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत तातडीची वेळ सोडून हॉर्न वाजवायलाच बंदी आहे. रिव्हर्सचा पिं-पिं वाजू नये म्हणून गाडी रात्रीच तोंड बाहेर करून लावायला सांगा. साधी गोष्ट आहे, पण निम्मी भांडणं तिथंच शमतात. आणि पुढची तयारी म्हणून सांगतो, ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झालाय. ड्रायव्हरसाठी चांगलंच झालं, पण उन्हाळ्यात इंजिन चालू ठेवून झोपणाऱ्या गाड्या तुमच्या गल्लीत वाढणार.

आता खरी अडचण, म्हणजे बाहेरून आलेल्या भरलेल्या गाड्या. तुमच्या पत्रावरून वाटतं की सहा-सातपैकी चार तरी याच असाव्यात. धायरी 2017 मध्ये पालिकेत आली, नऱ्हे 2021 मध्ये. त्याआधी ग्रामपंचायतीच्या काळात जिथं जागा मिळाली तिथं गाळे झाले, शेजारी इमारती उठल्या. गाळेवाल्याकडे पत्र्याची शेड आहे, पण ट्रक उभा करायला आवार नाही. पत्रा, प्लास्टिकचे दाणे, फॅब्रिकेशनचा माल घेऊन गाडी निघते संध्याकाळी. दिवसा शहरात जड वाहनांना गर्दीच्या वेळी बंदी, म्हणून ड्रायव्हर रात्रीच पोचायचा हिशेब करतो. दहाला पोचला, फोन लावला, तर माल घेणारी पार्टी सांगते, "सकाळी नऊला या, आता कामगार नाहीत." आता सांगा, कात्रज बोगद्यातून अठरा टनांची गाडी घेऊन आलेल्या माणसानं रात्री दहा ते सकाळी नऊ कुठं जायचं? महामार्गाच्या कडेला थांबला तर मागून धडक बसायची भीती, सर्व्हिस रोडवर थांबला तर ताडपत्री फाडून माल जायची. तुमची गल्ली शांत असते, खांबावर दिवा असतो, गेटवर तुमचा वॉचमन जागा असतो. तुम्ही न मागता त्याला राखण पुरवताय.

यात दोष कुणाचा विचाराल तर माझ्या मते पहिला माल घेणाऱ्याचा, दुसरा आम्हा ट्रान्सपोर्टवाल्यांचा, आणि ड्रायव्हरचा सगळ्यात शेवटी. पण शिव्या नेमक्या उलट्या क्रमानं पडतात. आमचा दोष असा की भाडं ठरवताना आम्ही गाडी कधी पोचेल हे बोलतो, कुठं थांबेल हे बोलत नाही. गाडी अडकली की हॉल्टिंगचे पैसे मागतो, पण तेही बहुतेक दुसऱ्या दिवसापासून. पहिली रात्र सगळ्यांनाच फुकट असते. तिची किंमत तुम्ही देता.

म्हणून भरलेल्या गाड्यांसाठी पोलिसांकडे जायच्या आधी गाळेवाल्यांकडे जा. ड्रायव्हरला नुसतं विचारलं, "माल कुणाचा?", तरी तो सांगतो. बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, नाव असतंच. सात दिवसांच्या वहीत कुठल्या गाळ्याच्या किती गाड्या आल्या ते मांडा. बहुतेक ठिकाणी असं निघतं की दोन-तीन गाळेच निम्म्याहून जास्त गाड्या आणतात. अशाच एका वस्तीत, गाव सांगत नाही, पाच गाळेवाल्यांना एकत्र बसवलं. त्यातल्या एकाकडे मागं मोकळा तुकडा होता, भंगार पडलेलं. भंगार हललं, मुरूम टाकला, एक हॅलोजन लावला आणि पाच जणांनी मिळून रात्रीचा एक माणूस ठेवला. गाडी आली की फाटक उघडायचं, आत घ्यायचं, सकाळी नंबरप्रमाणे खाली करायची. तीन महिन्यांत गल्लीतल्या भरलेल्या गाड्या जवळजवळ बंद झाल्या. ड्रायव्हर खूश, कारण आत संडास आणि नळ होता. हा शेवटचा मुद्दा हलक्यात घेऊ नका. तुमच्या कंपाउंडच्या भिंतीपाशी जी घाण होते तिचं मूळ तिथंच आहे. मार्केट यार्डात हमाल पंचायतीची कष्टाची भाकर आहे, बाहेरून आलेल्या माणसाला परवडणारं जेवण मिळायची सोय तिथं झाली. तशी कुठलीच सोय या नव्या भागांत कुणी केलेली नाही.

बोलणी फिसकटली तर कायदा आहेच, फक्त तो कसा चालतो ते नीट कळायला हवं.

पहिला अडथळा रस्ता कुणाचा हा. समाविष्ट गावांत बरेच रस्ते अजून कागदोपत्री बिल्डरचे किंवा मूळ जमीनमालकांचे आहेत. अंमलदार येतो आणि म्हणतो, "हा खासगी रस्ता आहे, आम्ही काय करणार?" तुम्ही गप्प बसता. बसू नका. मोटार वाहन कायद्यातली सार्वजनिक जागेची व्याख्या, कलम 2 चं 34 वं पोटकलम, मालकी बघत नाही. लोकांना जायला-यायला हक्कानं वाट आहे का ते बघते. दोन सोसायट्या, एक शाळेची बस आणि गाळ्यांचे ट्रक जिथून जातात तो रस्ता सार्वजनिकच. अर्जात हे एक वाक्य लिहा.

दुसरा अडथळा फलकाचा. तुमच्या रस्त्यावर नो-पार्किंग जाहीर झालेलं नसेल तर गाडी उचलता येत नाही असं सांगितलं जातं, आणि त्यात तथ्य आहे. वर सांगितलेल्या कलम 127 मधले 10 तास रात्री दहाला येऊन पहाटे चारला जाणाऱ्या गाडीला कधीच भरत नाहीत. पण त्याच कलमात दुसरा अर्धा भाग आहे: पार्किंगला कायद्यानं मनाई असलेल्या जागी उभी असेल तर 10 तासांची वाट बघावी लागत नाही. म्हणजे तुमचं सगळं गाडं जागा कायदेशीर मनाईची करून घेण्यावर येऊन थांबतं. तोपर्यंत कलम 122 वापरा. धोका, अडथळा किंवा विनाकारण गैरसोय होईल अशा स्थितीत गाडी सोडणं हा गुन्हा आहे आणि त्याला फलक लागत नाही. अडथळा मोठाच असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 285 आहे, सार्वजनिक वाटेवर अडथळा केल्याबद्दल 5000 रुपयांपर्यंत दंड.

म्हणून फोनवर "ट्रक लावलेत हो" असं सांगू नका. "आमच्या रस्त्यावर जायला अमुक मीटर जागा उरली आहे, अग्निशमनची गाडी येऊ शकत नाही" असं सांगा, आणि त्याचा मीटरपट्टी धरून काढलेला फोटो जवळ ठेवा.

हे मोजमाप करायला बसाल तेव्हा तुम्हालाही एक कडू गोष्ट दिसेल. 9 मीटरच्या रस्त्यात दोन्हीकडचे फुटपाथ सव्वा-सव्वा मीटरचे धरले तर डांबर उरतं साडेसहा मीटर. ट्रक अडीच मीटर रुंद, कडेपासून थोडा सुटा उभा राहतो म्हणून पावणेतीन. उरले पावणेचार. तेवढ्यातून रुग्णवाहिकाही जाते आणि अग्निशमनची गाडीही. पण समोरच्या बाजूला तुमच्याच सोसायटीतल्या किंवा पाहुण्यांच्या मोटारी लागलेल्या असतात, त्यांचे दोन मीटर गेले की उरतात पावणेदोन. रुग्णवाहिका तिथं अडकली. नुसत्या ट्रकनं ती अडली नसती. सभेत हे बोललं की लोकांना राग येतो, मला एका सभेतून अर्धा चहा टाकून उठावं लागलं होतं. तरी सांगतो, कारण वाहतूक विभागाचा माणूस पाहणीला येईल तेव्हा तोही हेच बोट दाखवणार.

त्यामुळं अर्जात सरसकट नो-पार्किंग मागू नका. तशी मागणी मंजूर झाली तर पहिलं चलन तुमच्याच मोटारीला लागेल, आणि मग सोसायटीतलेच लोक फलक काढायला निघतील. दोन गोष्टी मागा. एक, रस्त्याच्या एका बाजूलाच हलक्या वाहनांचं पार्किंग, किंवा पी-1, पी-2 पद्धतीनं तारखेप्रमाणे बाजू बदलून. दोन, मध्यम आणि जड मालवाहू वाहनांना रात्री पार्किंगला पूर्ण मनाई. अर्ज तुमच्या हद्दीच्या वाहतूक विभागाच्या पोलीस निरीक्षकांना, प्रत क्षेत्रीय कार्यालयाला आणि अग्निशमन दलाला. असे आदेश वाहतूक शाखेचे उपायुक्त काढतात, राज्य शासनाच्या 1996 च्या अधिसूचनेनं मिळालेल्या अधिकारात, मोटार वाहन कायद्याच्या कलम 115, 116 आणि 117 खाली. आधी तात्पुरत्या स्वरूपात आदेश निघतो, त्यावर हरकती-सूचना मागवतात, मग अंतिम होतो. वर्तमानपत्रात कोपऱ्यात "अत्यावश्यक सेवेतील वाहने वगळून" असं छापून येतं ना, तेच ते. हरकतीच्या मुदतीत तुमच्या बाजूची पत्रं गेली पाहिजेत, कारण गाळेवाल्यांची जाणारच. शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांची स्वतंत्र पत्रं एका पत्रावरच्या दोनशे सह्यांपेक्षा जड पडतात.

आदेश निघाला म्हणजे काम झालं असं समजू नका. फलक बसला पाहिजे, आणि तो झाडाच्या फांदीमागं बसू नये. फलक पालिका बसवते, आदेश पोलीस काढतात, मधल्या दरीत कागद महिनोन् महिने पडून राहतो. आठवड्यातून एकदा कुणीतरी जाऊन विचारायचं, एवढाच त्यावर उपाय मला सापडलाय.

दंडाचं गणितही समजून घ्या. चुकीच्या पार्किंगला पहिल्यांदा 500, पुन्हा केलं तर 1500 रुपये. गाडीवाल्याच्या डोक्यात याचा हिशेब महिन्याच्या भाड्यासारखा असतो. दोन महिन्यांतून एक चलन आलं तर खासगी प्लॉटच्या भाड्यापेक्षा ते स्वस्त पडतं, आणि बरेच जण दंड कमी होईल या आशेनं लोकअदालतीची वाट बघत बसतात. पण आठवड्यात तीन चलनं लागली की गणित फिरतं. चलनांची थकबाकी वाढली की आरटीओच्या कामात खोळंबा होतो, आणि मालवाहू गाडीला ते काम टळत नाही: आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग लागतंच. दिवे गावातल्या पासिंगच्या ट्रॅकवर दिवसभर रांगेत उभं राहून गाडी परत आली की तो दिवस मालक विसरत नाही. तेव्हा एकदा मोठी कारवाई मागण्यापेक्षा लागोपाठ पंधरा दिवस छोटी कारवाई मागा.

काय करू नये ते दोन ओळींत. चाकाची हवा सोडू नका. ट्रकच्या टायरमध्ये मोटारीच्या तिप्पट दाब असतो, व्हॉल्व्ह उडून डोळा जाऊ शकतो, नुकसानीचा गुन्हा तुमच्यावर लागतो आणि मुख्य म्हणजे ती गाडी मग दोन दिवस तिथून हलत नाही. रस्त्यावर दगड, ड्रम, कुंड्या मांडू नका, तोही अडथळाच. आणि गल्लीच्या तोंडाशी उंची अडवणारी लोखंडी कमान उभी करायची कल्पना कुणीतरी मांडतंच. अग्निशमन दलाला लेखी विचारल्याशिवाय तिला हात लावू नका. ट्रक अडेल अशी कमान बंबालाही अडवते, आणि छोटा हत्ती तिच्याखालून आरामात जातो.

एका गाडीसाठी मात्र वही, सभा, बोलणी काही नको. मागं-बाजूला चौकटीत रसायनाचं नाव, धोक्याचं चिन्ह आणि तातडीचा फोन नंबर लिहिलेला टँकर किंवा ट्रक घराशेजारी रात्री उभा दिसला तर लगेच 112 लावा, त्या चौकटीवरचा मजकूर वाचून दाखवा. ड्रायव्हर रिकामी आहे म्हणाला तरी लावा. रिकाम्या टँकरमध्ये वाफ असते.

घरच्या गाड्यांना जागा कुठं, हा प्रश्न राहिलाच. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीसारखी जागा तुमच्या बाजूला नाही आणि सिंहगड रस्त्यावरचा पिकअपवाला रोज रात्री निगडीला जाणार नाही. जवळचं शोधा. महामार्गालगतच्या लॉन्सवाल्यांशी बोला. त्यांची पार्किंगची मैदानं वर्षातल्या बहुतेक रात्री रिकामी असतात, दिवे आणि वॉचमन असतो. लग्नाच्या तारखांना गाड्या हलवाव्या लागतात, त्या तारखा महिनाभर आधी मिळतात. चार-पाच गाडीवाले एकत्र आले तर दरही पडतो. डिझेलची भीती घालवायला टाकीला कुलपाचं झाकण आणि बॅटरीला पट्टी, एवढा खर्च मालकानं करावा. मी आमच्या गाड्या आता अशाच एका मैदानात लावतो. पहिला आठवडा झोप लागली नव्हती.

आणि गाळेवाल्यांची बैठक रविवारी ठेवू नका, तुमच्या सोयीनं ठेवाल म्हणून सांगतो. गुरुवारी ठेवा, सकाळी अकराला. बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी त्या दिवशी असते, मालक गाळ्यावर हिशेब करत निवांत बसलेला असतो आणि गाड्याही कमी असतात. वहीच्या दोन झेरॉक्स न्या. एक त्यांच्या हातात द्या, दुसरीवर त्यांची पोच घ्या.